पिवळट, टाकणे

थोरलीला आपल्या डोळ्यांचा फार अभिमान होता, आणि तो उगाच होता असंही कुणाला म्हणता आलं नसतं. रंगाच्या कारखान्यात तिने एकोणतीस वर्षं शेड जुळवायच्या खोलीत काढली. गिऱ्हाईक जुन्या दाराची ढलपी घेऊन यायचं, थोरली ती खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून बघायची आणि सांगायची, "यात लाल नको. गेरू टाका, तोही चिमूटभर." पुढे मशीन आलं, पण मशीनने काढलेली शेडसुद्धा मंजुरीला तिच्याच टेबलावर यायची. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, कारखान्याचे दोन डोळे आज घरी चालले. हे वाक्य थोरलीने पुढे इतक्यांदा सांगितलं की तिच्या धाकट्या जावेला ते श्वास घ्यायच्या जागांसकट पाठ झालं होतं.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. थोरला वारला त्याला नऊ वर्षं झाली. धाकटा होता, पण लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलामागे उभा असायचा आणि तोंड उघडायचा ते चहापुरतं. लाँड्री चालवायची धाकटीच. दोन दवाखान्यांचे डगले, एका लॉजच्या चादरी आणि आसपासच्या घरांचे कपडे असा तिचा व्याप होता. तिची लाँड्री थोरलीच्या घरापासून एक गल्ली सोडून. दर शनिवारी सकाळी ती हातगाडी घेऊन यायची, धुतलेल्या चादरी द्यायची, मळक्या न्यायची, आणि अर्धा तास परसात बसून थोरलीची फुलं बघायची.

फुलं म्हणजे डेलिली. थोरलीच्या परसात दुसरं काहीही नव्हतं. पात्याच्या आकाराच्या लांब पानांचे झुबके, त्यांतून वर आलेल्या दांड्या, दांडीला दहाबारा कळ्या. रोज सकाळी त्यातली एखादी उमलायची आणि दिवेलागणीला मिटून लोळागोळा व्हायची. फुलाचं आयुष्य एका दिवसाचं. म्हणून थोरली हंगामात कुठे जात नसे, कुणाच्या लग्नालाही नाही. सकाळी आठला चिमटा घेऊन ती एका फुलातली परागाची काडी खुडायची आणि दुसऱ्या फुलाच्या मधून बाहेर आलेल्या लांब दांडीच्या टोकाला अलगद टेकवायची. मग त्या देठाला एक चिठ्ठी. आईस्क्रीमच्या डब्यांची झाकणं कापून तिने पांढऱ्या पट्ट्या केल्या होत्या. त्यांवर पेन्सिलीने आधी आईचं नाव, मग बापाचं, मग तारीख. पेन उन्हात उडतं, पेन्सिल राहते, हे तिला पहिल्याच वर्षी ठेच लागून कळलं होतं.

फळ धरलं की दीड-दोन महिन्यांनी बोंड तडकायचं आणि आत मिऱ्यांसारखं काळं, चकचकीत बी निघायचं. ते रुजवायचं, रोप वाढवायचं आणि फुलाची वाट बघायची, कधी दोन वर्षं, कधी तीन. एवढं करून जे फूल यायचं ते शंभरातल्या नव्वद वेळा साधारणच असायचं. मग ते रोप उपटायचं, कारण जागा तेवढीच आणि नवी रोपं रांगेत उभी.

थोरलीला हवा होता पांढरा. डेलिलीत लाल आहे, जांभळा आहे, पिवळा तर पोत्याने आहे. नाही तो निखळ पांढरा. पांढरं म्हणून जे विकतात ते जवळ गेलं की साय निघते, नाहीतर लिंबाची फोड. डेलिलीवाल्यांची एक संस्था होती, तिच्या नोंदवहीत आपल्या फुलाचं नाव एकदा लागावं, आणि फुलापुढच्या रंगाच्या रकान्यात फक्त 'पांढरा' हा एक शब्द असावा, एवढीच तिची इच्छा. बारा वर्षं ती त्याच्या मागे होती. आता वय सदुसष्ट. एका पिढीला तीन वर्षं धरली तर आपल्या हातात फार तर चार पिढ्या उरल्या, असं ती बोटांवर मोजून सांगायची, आणि त्यात विनोद नसायचा.

नापास रोपाची चिठ्ठी ती काढून टाकत नसे. कारखान्याची सवय. नाकारलेल्या डब्यावर कारण लिहायचं, सही करायची आणि मगच तो बाहेर पाठवायचा. तशी ती चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायची, 'पिवळट, टाकणे', खाली तारीख, आणि रोप चिठ्ठीसकट धाकटीच्या हातगाडीत टाकायची. कचऱ्याची मोठी पेटी लाँड्रीच्याच वाटेवर होती.

चार वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी धाकटी असंच एक रोप हातात धरून उभी राहिली होती. त्याला एक फूल होतं, अजून ताजं. ती म्हणाली, "ताई, हे पांढरंच आहे की हो."

"हे? हे लोणी आहे लोणी. कडा बघ."

"मला तर..."

"तू कपडे धू गं. रंगाचं माझ्यावर सोड."

रोप गाडीत गेलं. त्यानंतर तिने फुलांच्या रंगावर अवाक्षर काढलं नाही.

त्याच सुमारास चादरींचं सुरू झालं. थोरलीने एका शनिवारी घडी उलगडली आणि नाक मुरडलं. "तुझ्या लाँड्रीचं पांढरं हल्ली पिवळट येतंय. पाणी बदललंस की साबण?" धाकटीने काहीच बदललं नव्हतं. तिने चादरी नेल्या, पुन्हा धुतल्या. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. कपडे धुणाऱ्या बाईला तिचं पांढरं पिवळट येतं म्हणणं म्हणजे सुगरणीला मीठ कमी पडलं म्हणण्यासारखं, तेही दर आठवड्याला. पण दोनेक महिन्यांनी तक्रार बंद झाली. थोरलीने चादर हातावर घेऊन मान डोलावली, "आत्ता कसं. मनावर घेतलं की जमतं तुला." स्वभावाने धाकटी काही गरीब गाय नव्हती. लॉजच्या मॅनेजरला तिने एका डागावरून भर रस्त्यात सोलून काढलं होतं. थोरलीपुढे मात्र ती ऐकून घ्यायची. लग्न होऊन आली तेव्हा एकोणिसाची होती आणि तिला साधी नोटसुद्धा मोडून घेता येत नव्हती. लाँड्रीची पहिली पावती कशी लिहायची हे थोरलीने तिच्याशेजारी बसून शिकवलं होतं. ते ती विसरली नव्हती.

यंदाचा हंगाम लागला आणि थोरलीचं घोडं भलत्याच जागी अडलं. परागाची काडी दांडीच्या टोकाला टेकेना. ती टेकवायची ते पाकळीवर पडायचं. टोकं दोन दिसायची, कधी एकही नाही. पहिल्या आठवड्यात तिने अठरा फुलं जुळवली आणि त्यांतली दोन धरली. तिने चिमट्याला दोष दिला, उन्हाला दिला, चष्मेवाल्याला दिला. शेवटी धाकटीने एका शनिवारी चादरी खाली ठेवल्या आणि सरळ सांगितलं, "चला. मी डॉक्टरांची वेळ घेऊन आलेय. त्यांचे डगले माझ्याकडे असतात, मला रांग नाही."

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि मोतीबिंदू चांगलाच पिकलाय म्हणाले. दोन्हीत आहे, आधी उजवा करू, महिन्याने डावा. थोरलीने एकच विचारलं, हंगाम संपल्यावर केला तर चालेल का. धाकटीने मधेच सांगून टाकलं की चालणार नाही, आणि तारीख ठरवून घेतली.

ऑपरेशन वीस मिनिटांचं. रात्र धाकटीने थोरलीच्या घरीच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पट्टी निघाली. थोरलीने डोळा उघडला तर समोर डॉक्टर उभे, आणि त्यांच्या अंगात डगला. थोरली त्या डगल्याकडेच बघत राहिली. इतकं पांढरं तिने कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

"कसं दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"डगला नवा आहे?"

डॉक्टर हसले. "पाच वर्षांचा आहे. तुमच्या जाऊबाईंची कमाल." मग त्यांनी सूचना दिल्या. दोन आठवडे वाकायचं नाही, मातीत हात घालायचे नाहीत, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, बाहेर काळा गॉगल काढायचा नाही. थोरलीने त्या ऐकल्या की नाही कोण जाणे. ती एकदा डावा डोळा मिटत होती, एकदा उजवा.

घरी आल्यावर ती पलंगावर टेकली आणि तिला चादर दिसली. चादर निळी होती. आभाळी, फिकट, पण निळीच. तिने उशीचा अभ्रा बघितला, तोही निळा. कपाट उघडून सगळ्या घड्या बघितल्या, सगळ्या निळ्या. तिने उजवा डोळा हाताने झाकला. डाव्या डोळ्याने पाहिलं तर चादरी पांढऱ्याशुभ्र. डावा झाकला तर पुन्हा निळ्या.

धाकटी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. थोरलीने हाक मारली नाही, स्वतःच उठून दारात गेली. "धाकटे, माझ्या चादरी निळ्या का आहेत?"

धाकटीने गॅस बारीक केला. आता हिला काय सांगायचं आणि कुठून, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तुम्हाला त्या पिवळट दिसायच्या," ती म्हणाली. "दोनदा धुतल्या, तीनदा धुतल्या, तरी पिवळट. मग मी नीळ थोडी जास्त घातली. तरी तुम्ही म्हणालात पिवळट. मग आणखी घातली. एका शनिवारी तुम्ही म्हणालात, आता बरोबर. तेव्हापासून तुमचं पातेलं मी वेगळंच ठेवते. तेवढी नीळ दुसऱ्या कुणाच्या कपड्यांना चालणार नाही."

"चार वर्षं?"

"भांडण वाढवायचं की नीळ वाढवायची? मला नीळ सोपी गेली."

थोरली तिथेच दाराला टेकली. पांढऱ्याला पांढरं दिसायला निळ्याचा एक थेंब लागतो, हे कारखान्यात नव्या मुलींना शिकवायचं काम तिचंच होतं. आणि इथे तिच्यासाठी कुणी पातेलंभर निळं ओतत होतं आणि तिला पत्ता नव्हता. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं असं म्हणतात. आपली कावीळ डोळ्यांतच होती, आणि आपण जगाला नापास करत सुटलो, असं तिच्या मनात आलं. पुढचा विचार फुलांचा होता.

ती परसात गेली. मागच्या ओटीवर, मानाच्या जागी, तिने पास केलेली तीन रोपं तीन कुंड्यांत होती. बारा वर्षांची कमाई. यातलंच एक ती पुढच्या वर्षी नोंदवणार होती. तिघांनाही आज फूल आलेलं. तिने डाव्या डोळ्याने बघितलं, तिन्ही पांढरी. उजव्याने बघितलं, तर तिन्ही जांभळट, थंडीत काकडलेल्या माणसाच्या नखांसारखी. पिवळ्या काचेतून निळसर पांढरं दिसतं आणि पांढरं पिवळं. हा हिशेब तिला सांगायला दुसरं कुणी लागत नव्हतं. आपण चार वर्षं जांभळं जपलं आणि पांढरं उपटून कचऱ्यात घातलं.

ती ओटीच्या पायरीवर बसली. रडायलाही डॉक्टरांनी मनाई केली असणार, म्हणून ती रडली नाही, पण तिचा चेहरा बघून धाकटी कप तसाच हातात घेऊन उभी राहिली.

"तूच म्हणाली होतीस," थोरली म्हणाली. "तू हातात धरून म्हणाली होतीस, हे पांढरं आहे. आणि मी तुला काय म्हणाले?"

"कपडे धू म्हणालात."

"तुझ्या लक्षात आहे."

"न राहायला काय झालं? चांगलं झोंबलं होतं." धाकटीने कप तिच्या हातात दिला. "चहा घ्या आधी. मग चपला घाला. वाकायचं नाही, पण चालायला डॉक्टरांची ना नाही."

गल्ली ओलांडून त्या लाँड्रीत शिरल्या. इस्त्रीच्या टेबलामागून धाकट्याने वर बघितलं, वहिनीच्या काळ्या गॉगलकडे बघून मान हलवली आणि पुन्हा बाहीला लागला. वॉशिंग मशीनं, भिजवायचे टब, वाफेने ओली भिंत, हे सगळं मागे टाकून धाकटीने मागचं दार उघडलं. थोरली या दारातून कधी गेलीच नव्हती. जावेची लाँड्री म्हणजे पुढचं काउंटर, एवढंच तिला माहीत. मागे वाळत घालायची जागा होती. दोऱ्यांवर लॉजच्या चादरी ओळीने लावलेल्या, आणि भिंतीच्या कडेने, कपडे शेवटचे खळबळल्याचं स्वच्छ पाणी जिथून जायचं त्या चरीला लागून, डेलिलीचे झुबके. एक नाही, दोन नाही, भिंत संपेपर्यंत. बहुतेकांना फुलं होती. आणि प्रत्येक झुबक्यापाशी मातीत खोचलेली आईस्क्रीमच्या झाकणाची एक पट्टी.

"तेवीस आहेत," धाकटी म्हणाली. "होती सव्वीस. तीन पहिल्या वर्षी गेली, साबणाच्या पाण्याजवळ लावली होती मी. मला काय माहीत."

थोरली पहिल्या पट्टीजवळ थांबली. वाकायचं नव्हतं, म्हणून धाकटीने पट्टी उपटून तिच्या हातात दिली. पुढे आई, बाप, तारीख. मागे तिचंच अक्षर, 'पिवळट, टाकणे'. दुसरी पट्टी, 'पिवळट, टाकणे'. तिसरी, चौथी. एकीवर तर चिडून दोन रेघा ओढल्या होत्या. आणि वर फुलं, गॉगलच्या काठावरून एका डोळ्याने बघितलं की पांढरी, दुसऱ्याने बघितलं की लोणी.

"टाकायची होती ना ती," ती म्हणाली.

"टाकवेना. कपडा पिवळा पडला म्हणून आम्ही टाकतो का? म्हटलं, एक धुणं आणखी देऊन बघू. इथे पाणी तर फुकट चाललंय." धाकटीने उलटी बादली सरकवून तिला बसायला दिली. "चिठ्ठ्या ठेवल्या, कारण तुम्ही कधी भांडायला आलात तर कुठलं कुठलं ते कळायला हवं."

"आणि मला सांगितलं का नाहीस? चार वर्षांत एकदाही?"

"एकदा सांगितलं होतं की." धाकटी चिमटे काढून पुढची चादर सरळ करायला लागली. मग हळू आवाजात म्हणाली, "राग होता थोडा. खोटं कशाला बोलू? वाटायचं, बाईसाहेबांना त्यांचं पांढरं शोधत बसू दे गावभर. काखेत कळसा आहे तर असू दे. नंतर राग गेला आणि लाज वाटायला लागली. मग लाजेपायी राहिलं."

थोरलीने गॉगल काढला. डॉक्टरांनी बाहेर काढू नका म्हटलं होतं, पण काही गोष्टी काळ्या काचेतून बोलता येत नाहीत. "मी तुझ्याशी वाईट वागले," ती म्हणाली. "तुझं काम मला येतं असं मी धरून चालले, आणि माझं तुला येतं हे मात्र मानलं नाही. माझी बारा वर्षं तू उचलून आणलीस आणि इथे लावलीस. तुझे उपकार मी कसे फेडणार आहे ते मला माहीत नाही."

"गॉगल घाला," धाकटी म्हणाली. "आणि सगळी पांढरी नाहीत हं. मी रोज बघते. त्यात पाचसहा खरोखरच पिवळट आहेत, तेवढं तुमचं बरोबर होतं. निखळ म्हणाल तर एकच."

"सांगू नकोस," थोरली म्हणाली. "मला बघू दे."

तिने गॉगल हातातच ठेवला, डावा डोळा मिटला आणि भिंतीच्या कडेने हळूहळू चालत गेली. एका फुलापाशी थांबली, पुढे गेली. दुसऱ्यापाशी थांबली, मान हलवली, पुढे गेली. मागे लॉजच्या चादरी होत्या, धाकटीच्या हातच्या, साध्या निळीच्या, आणि तिला तेच हवं होतं, पांढऱ्याशी पांढरं लावून बघायला. चौदाव्या झुबक्यापाशी ती थांबली आणि तिथून हलली नाही. फूल आणि चादर यांत कुठे फरक करावा ते तिला सापडेना. एकोणतीस वर्षांत असं जुळलेलं तिने दोनदाच बघितलं होतं.

"हे," ती म्हणाली.

धाकटीने पट्टी उपटून दिली. मागची तारीख चार वर्षांपूर्वीची होती, त्याच शनिवारची. "तेच ते," धाकटी म्हणाली. "मी हातात धरलं होतं ते."

थोरलीने पट्टी परत दिली आणि म्हणाली, "पेन्सिल आण. माझा हात आज नीट चालणार नाही, तू लिही. मागचं खोडून टाक."

धाकटीने कानामागची पावत्यांची पेन्सिल काढली आणि 'पिवळट, टाकणे' वर आडवी रेघ मारली. "नाव काय घालू?"

नाव थोरलीने बारा वर्षांपासून ठरवून ठेवलं होतं. फार सुंदर, दोन अक्षरी, वहीच्या शेवटच्या पानावर घोटून घोटून लिहिलेलं. ते तिला आता आठवलं आणि त्यात काही राम वाटला नाही. "लिही," ती म्हणाली. "'एक धुणं आणखी'."

"फुलाचं नाव असं असतं का, ताई? संस्थेतले लोक हसतील."

"हसू देत. रंगाच्या रकान्यात काय लिहायचं ते मी लिहीन. फूल कुणी वाढवलं या रकान्यात तुझं नाव जाईल, माझ्या आधी."

धाकटीने लिहिलं. अक्षर तिचं पावतीचं होतं, जाड आणि उभं, आणि ते तिला थोरलीनेच शिकवलेलं होतं. पट्टी मातीत खोचून ती उठली, हात झटकले आणि उगाच एका चादरीची कड ओढली. कड मुळात सरळच होती.

"आणि तुमच्या चादरींचं?" तिने पाठमोरीच विचारलं. "उद्यापासून नीळ कमी करते. आता तुम्हाला नीट दिसतंय."

"नको," थोरली म्हणाली. "चार वर्षं तू त्या माझ्यासाठी निळ्या केल्यास आणि मला एकदाही निळ्या दिसल्या नाहीत. आता दिसायला लागल्यात. थोडे दिवस बघू दे मला."